चाकापुक्योच्या हजेरीतलं नाव

वायोमिंग, १९ मे १९९६

ताई,

पोचलो. एवढंच लिहून पाकीट चिकटवायचं ठरवलं होतं, कारण मेलेसिओ म्हणाला की पहिलं पत्र लांबलं की रडू येतं. पण आम्हाला दहा दिवसांतून एकदा पीठमीठ आणून देणारा चोन म्हणून एक मेक्सिकोचा माणूस आहे, त्याचा ट्रक चिखलात रुतलाय. तो उद्यापर्यंत इथेच. म्हणून वेळ आहे.

विमानात मला खिडकी मिळाली. मेलेसिओ डोळे मिटून जपमाळ ओढत होता आणि मधूनच मला कोपरानं ढोसून विचारत होता, "बघ जरा, पंख आहे का अजून?" मी दोनदा आहे म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, गेला. त्यानंतर लिमापासून सॉल्ट लेकपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. आता त्याचा कळप माझ्यापासून दोन डोंगर पलीकडे आहे, म्हणजे तसंही बोलणं नाहीच.

माझ्या हवाली पंधराशे मेंढ्या आहेत. आपल्या मेंढ्यांना मी नावानं हाक मारायचो, इथे नुसतं डोळ्यांनी धरायचं. राहायला चाकांवरची एक खोली आहे, तीत शेगडी, खाट आणि एक खिडकी. दोन कुत्रे आहेत, ते आपली भाषा समजतात, कारण माझ्याआधीचा माणूसही आपल्या पेरूचाच, वानकायोकडचा होता. घोडा मात्र काही समजत नाही. डोंगर पुष्कळ आहेत. या समोरच्याचं नाव काय म्हणून चोनला विचारलं, तर म्हणाला, "ते मालकाला माहीत." नाव माहीत नसलेल्या डोंगरावर झोपायला जरा चमत्कारिक वाटतं. पहिल्या दिवशी मी त्याला नैवेद्य म्हणून चहा शिंपडला. नाव न घेताच.

आता कामाचं. माझा करार तीन वर्षांचा, आणि गावकीची सवलतही तीनच वर्षांची. तोवर माझ्या वाटणीचं गावकाम तू करणार, हजेरीत माझं नाव पुकारलं की तू "हजर" म्हणणार. नव्व्याण्णवच्या जुलैत, शेवटच्या रविवारी, सभेत मी स्वतः उभा राहणार. नाही राहिलो तर रजिस्टरातून नाव जाईल, नावाबरोबर वरचं कुरण जाईल, आणि तुम्ही दोघं मेंढ्या घेऊन कुठे जाणार? बाबांनी अंगठा दिलाय त्यावर. मी काहीही विसरत असलो तरी हे विसरलेलो नाही.

चोन हाका मारतोय. ट्रक ढकलायचाय.

तुझा
अबि


चाकापुक्यो, २ ऑगस्ट १९९६

अबि,

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. मेलेसिओला छळलंस ते त्यांना आवडलं. पंधराशे मेंढ्या एका माणसाकडे, हे त्यांना पटलं नाही. "एक शून्य जास्त पडलं असेल," म्हणाले.

जूनमध्ये मोठा पाट साफ केला, तीन दिवस. तुझ्या वाट्याला चौदा हात होते. अध्यक्ष क्रिसांतोनं नेमका मुरुमाचा तुकडा दिला. सकाळी हजेरी झाली. "अबिलिओ टिक्से" म्हटल्यावर मी "हजर" म्हटलं. मागून कोणीतरी बोललं, "अबिलिओ, घागरा शोभतो रे तुला." मी म्हटलं, "चौदा हात कोणाचे आधी होतात ते बघू, मग घागऱ्याचं बोलू." माझे दुसऱ्या दिवशी दुपारीच झाले. त्याचे तिसऱ्या दिवशीही राहिले होते. पुढच्या हजेरीला कोणी काही बोललं नाही.

पंचवीस जुलैला मेंढ्यांचा सण, सांतियागो, केला. बाबांनी डफ वाजवला. त्यांचा हात आता सुईवर ठरत नाही, म्हणून मेंढ्यांच्या कानांत फिती मीच ओवल्या. बाबांच्या मेंढ्यांना लाल, तुझ्यांना जांभळ्या. तुझ्या मेंढ्या सव्वीस आहेत, त्यांतल्या नऊ गाभण.

मेलेसिओची बायको हर्मिला मला विचारत होती की तू नऊ वर्षांनी मोठी, तरी रजिस्टरात धाकट्याचं नाव कसं. मी म्हटलं, बाबांनी मुलाचं लिहिलं, त्यात काय.

थंडीत पायमोजे दोन घाल.

नेलिदा


वायोमिंग, २८ जुलै १९९७

ताई,

रागावणार नाहीस असं आधी कबूल कर. केलंस? मग ऐक. तू विणून दिलेला जांभळा स्वेटर मी उसवला.

झालं असं. पंचवीस तारखेला पहाटे उठलो. शेगडी पेटवली, कुत्र्यांना घातलं, आणि मग हात रिकामे झाले. आज सांतियागो, आणि इथे माणूस नाही, डफ नाही, दारूचा घोट नाही. मागच्या वर्षीही असंच होतं, पण तेव्हा मी नवा होतो, घोड्यावरून पडण्यातच दिवस गेला होता. घोड्याचं सांगायचं तर आता आमचं जमतं, तो मला पाडतो पण थांबून वाट बघतो. ते असू दे. तर मी विचार केला, वर्षभर या मेंढ्या सांभाळल्या, बर्फात यांची कोकरं शर्टाच्या आत घालून आणली, आणि यांचा सण कोणीच करत नाही. यांना कोणी सांगितलेलंसुद्धा नसेल.

कॉफीचा रिकामा डबा डफ म्हणून घेतला. गोणपाट शिवायची दाभण होती. लोकर म्हणून स्वेटर. कोकाची पानं नाहीत, तर चहाची पत्ती डोंगराला दिली, या खेपेलाही नाव न घेता. मग एकेक मेंढी गुडघ्यात धरून कानात जांभळा धागा ओवला आणि बाबा म्हणतात ती सगळी गाणी म्हटली. अर्धी मला येत नाहीत, तिथे मी डबा जोरात वाजवला. कुत्रे आधी भुंकले, मग बसून ऐकत राहिले. चाळीस मेंढ्या झाल्या. पुढे बाह्या उरल्या होत्या, त्या ठेवल्या, थंडीत मनगटांना होतील.

मेंढ्या माझ्या नाहीत हे मला कळतं. पण संध्याकाळी त्या चढावर चरत होत्या, मधूनच एखादा जांभळा धागा हलायचा, आणि मला पहिल्यांदाच रात्री गाढ झोप लागली.

बाबांना सांग, डफाचा ठेका चुकला नाही.

अबि


चाकापुक्यो, १० ऑक्टोबर १९९७

अबि,

त्या स्वेटरला मला दोन महिने लागले होते. असो.

बाबांना वाचून दाखवलं. डफाचं ऐकून हसले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या मेंढीला फीत घातली? मालकाला विचारलं होतं का?" मला काय माहीत. विचारलं होतंस का?

इकडे वरच्या कुरणात झऱ्याखाली तळं खणलं. पाणी नुसतं खडकांतून वाहून जायचं ते अडवलं. दगड लावायला हर्मिला दोन दिवस आली, बाकी मी एकटीनं लावले. आता कोरड्या महिन्यांत मेंढ्या नदीपर्यंत उतरवायला नकोत. रोज चार तास वाचतात. पलीकडच्या बाजूला कुंपणही घातलं, आणि नवा मेंढा आणला, त्याची कोकरं वजनाला चांगली निघतायत. अबिलिओसाठी सगळं तयार होतंय, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

त्यानंतर तुझं पत्र नाही. दोन ओळी लिही.

नेलिदा


१५ फेब्रुवारी १९९८

ताई,

पत्ता बदललाय, पाकिटाच्या मागे लिहिलाय तिथेच पाठव. सध्या गावाजवळ आहे.

इथे कपडे धुवायचं एक दुकान आहे. म्हणजे कोणी धुवून देत नाही, यंत्रं ओळीनं मांडलेली, आपणच घालायचे आणि बाकावर बसायचं. यंत्राला गोल काच असते आणि तीतून आपलाच शर्ट फिरताना दिसतो. मी तासभर बघत बसतो. परवा एक म्हातारी शेजारी बसली होती, तिनं मला खूण करून विचारलं, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, चौथ्यांदा. मग तीही बघत बसली. तिचे सगळे कपडे पांढरे होते, त्यामुळे तिच्या काचेत काही गंमत नव्हती. दुकान उबदार असतं. बाहेर थुंकी गोठते.

मेंढ्या ठीक आहेत. मालक ठीक आहे. नव्व्याण्णवचा जुलै ठरलेला आहे.

तुझं पत्र चोनकडून मिळालं. तळ्याचं वाचून बरं वाटलं.

अबि


चाकापुक्यो, ३ मे १९९८

अबि,

"मेंढ्या ठीक आहेत." लहानपणी एक कोकरू लंगडलं तर तू ते सांगायला संध्याकाळभर घ्यायचास. तीन शब्द वाचले तेव्हाच मी ओळखलं होतं, काहीतरी बिघडलंय.

मेलेसिओचं पत्र आलं. ते हर्मिलानं पाटाच्या कामावर, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तिचा काही दोष नाही, पुढे काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं. कानांत किडे पडले, सात मेंढ्या मेल्या, ऑगस्ट संपायच्या आत अबिलिओ गेला, कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. बाबा माझी भाकर घेऊन आले होते. त्यांना आताशा निम्मंच ऐकू येतं. त्या दिवशी सगळं ऐकू आलं.

म्हणजे गेले आठ महिने तू कुठल्यातरी गावात आहेस आणि मला धुलाईच्या दुकानाच्या गोष्टी लिहितोस. मेंढ्या कोणाच्याही मरतात. मला राग त्याचा नाही.

आणि एक. हर्मिला सांगते की कराराचं काम सोडलं की कागद जातात, आणि कागद नसलेला माणूस तिथून एकदा निघाला की त्याला परत घेत नाहीत. म्हणजे आता यायचं ते कायमचं यायचं. क्रिसांतो विचारतो, भाऊ येणार का? मी काय सांगू? सभा पुढच्या वर्षीच्या जुलैत आहे, ती कोणासाठी थांबत नाही. बाबांनी तुझ्या खोलीचं छप्पर शाकारायला काढलंय. त्यांच्यासाठी ये.

नेलिदा


ओग्डन, १२ जुलै १९९८

ताई,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच गोष्टीवर गेलो. आता सरळ लिहितो.

आपल्याकडे सांतियागोला पाटातलं पाणीसुद्धा गोठतं. कान टोचला की आठवड्यात सुकतो. माशी दिसतच नाही त्या दिवसांत. हे मला कोणी शिकवलेलं नाही, फीत ओवायची ती अशीच, एवढंच ठाऊक. इथे जुलै म्हणजे उन्हाळा, ताई. मी उघड्या अंगानं बसलो होतो डफ वाजवत. पाठ भाजत होती. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात सण होता.

दहाव्या दिवशी एक मेंढी सारखी मान झटकताना दिसली. धरून बघितलं तर कान आतून हलत होता. पुढचं लिहीत नाही, तुला कळेल. चाळीस मेंढ्या पंधराशेंतून हुडकून काढायच्या होत्या, आणि जांभळे धागे रक्तानं काळे झालेले.

चोननं मालकाला कळवलं. मालक स्वतः आला, घोड्यावरून, सत्तरीचा माणूस. त्याचा आजा स्पेनमधून आलेला बास्क होता, म्हणून तो आपली भाषा बोलतो. त्यानं विचारलं, का केलंस? मी म्हटलं, आमच्याकडे सण असतो. तो म्हणाला, "सण तुमचा आणि माश्या आमच्या." हसला नाही. मग दोन दिवस माझ्या शेजारी मांडी घालून त्यानं चिमट्यानं अळ्या काढल्या, तेल लावलं. एक शिवी नाही. त्यानं चाबूक काढला असता तरी मला बरं वाटलं असतं. सात गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातात विमानाचं तिकीट ठेवलं आणि म्हणाला, घरी जा, पोरा, तू वाईट नाहीस, पण माझ्या मेंढ्यांजवळ मला तू नकोस.

चोननं बसथांब्यावर सोडलं. बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, दार लागलं, बस गेली. मी तिथेच बसलो होतो. चाकापुक्योचा माणूस मेंढ्यांना किडे पाडून परत आला, हे हजेरीच्या वेळी मागून ऐकायला माझी छाती नव्हती.

आता घरांची छपरं घालतो. एका टोळीत आहे, दोघं ग्वाटेमालाचे, एक मेक्सिकोतल्या झाकातेकासचा. आज या गावात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. छपरावरून पहिल्या दिवशी मी खिळा मारायचा सोडून नुसतं बघतच बसलो. सगळी अंगणं वरून दिसतात, प्रत्येकाच्या दोरीवर काय वाळतंय ते दिसतं, लांब खारं तळं दिसतं. मुकादम ओरडला, "ए पेरू, तुला बघायचे पैसे नाहीत." तरी मी बघतो. मागच्या महिन्यात आम्ही पार नेवाडापर्यंत गेलो होतो, तिथे पांढरं वाळवंट आहे, त्यावर रस्ता सुतासारखा सरळ. पुन्हा भरकटलो.

येतो. पुढच्या जुलैत येतो. शब्द दिलाय तो दिलाय.

अबि


चाकापुक्यो, २२ नोव्हेंबर १९९८

अबि,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. चिमट्याच्या जागी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "चांगला मेंढपाळ आहे तो म्हातारा." तुझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शाकारणीच्या गवताच्या आणखी चार पेंढ्या आणल्या.

मग मी तुझं पत्र एकटीनं पुन्हा वाचलं. तू छपरावरचं किती लिहिलंस आणि येण्याचं किती, ते मोजलं नाही. पण दिसतं ते दिसतं.

मी आता एक लिहिणार आहे. लिहून झालं की न वाचता पाकीट चिकटवणार, नाहीतर ते जाणार नाही.

मागच्या पत्रात मी तुला ये म्हणून लिहिलं. ते नुसतं हातानं लिहिलं, मनानं नाही. बाबा समोर बसलेले असतात, दुसरं काय लिहिणार. पण तू येशील त्या दिवसाचा विचार केला की मला दिसतं ते असं: तू सभेत उभा राहून हजर म्हणतोस, लोक पाठीवर थाप मारतात, आणि मी मागे बायकांत बसलेली आहे. मग तू वर कुरणात येतोस. तळं मी बांधलंय, कुंपण मी घातलंय, कुठल्या दगडाखाली विंचू असतो ते मला माहीत आहे. ते सगळं तुझ्या हातात देऊन मी खाली स्वयंपाकघरात येते. तू मला काढणार नाहीस, हे मला माहीत आहे. तू म्हणशील, ताई, तूच बघ सगळं. पण तू म्हणशील म्हणून मी बघेन.

अडीच वर्षं मी दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणते आहे. पहिल्या वर्षी हसू यायचं. आता कोणी मला वाटेत नेलिदा म्हणून हाक मारली तर दचकायला होतं.

क्रिसांतोला मी विचारलं, दुसऱ्या कोणाचं विचारावं तसं. नियम आहे. ज्याचं नाव आहे त्यानं सभेच्या आधी स्वतःच्या हातानं लिहून, अंगठा उठवून, आपली जागा रक्ताच्या माणसाला देता येते. बाई असली तरी. पण त्याच्या नावावर रेघ मारतात, आणि ती रेघ मग कधी पुसत नाहीत. पुढे तो परत आला तरी त्याला कुरण नाही, मत नाही, गावच्या रानात सरपणाची काटकीसुद्धा नाही. मेलेल्यांची आणि अशांची नावं एकाच पानावर असतात.

मी मागत नाही. तुला यायचं असेल तर ये, मी खोली झाडून ठेवीन आणि या पत्राचा विषय पुन्हा काढणार नाही. पण तू नुसता शब्दाखातर येणार असशील, आणि मी नुसती वाट बघायची म्हणून बघणार असेन, तर अबि, हे दोघांपैकी कोणीतरी आधी बोलायला हवं होतं. मी मोठी आहे.

नेलिदा


एल्को, १४ मार्च १९९९

ताई,

तुझं पत्र इथे यायला उशीर झाला, कारण मी ओग्डनहून निघालो होतो. मिळून पाच आठवडे झाले. रोज संध्याकाळी उत्तर लिहायला बसायचो आणि दुसऱ्याच कोणाला लिहावंसं वाटायचं.

लाज वाटली म्हणून बसमध्ये चढलो नाही, हे मी तुला लिहिलं होतं. ते निम्मं खरं आहे. बस गेल्यावर रस्ता रिकामा झाला, आणि मी थांब्यावर बसून खिशातला पाव खाल्ला, आणि मला हलकं वाटलं. सात मेंढ्या मारून, घर सोडून, कागद घालवून माणसाला हलकं वाटतं, हे मला कोणाला सांगता येईना. म्हणून धुलाईच्या दुकानाचं लिहिलं. मी परत आलो असतो, ताई. आलो असतो आणि वर कुरणात बसून दिवसभर रस्त्याकडे बघितलं असतं, आणि तू मला जेवायला हाका मारत बसली असतीस.

सोबत अध्यक्षांना पत्र आहे. शुद्धलेखन बघू नकोस. बाबांना आधी वाचून दाखव, सभेत अचानक कानावर पडायला नको.

अबि


मु. एल्को, १४ मार्च १९९९

अध्यक्ष डॉन क्रिसांतो आणि चाकापुक्योची सर्व गावकी यांस,

मी, अबिलिओ टिक्से, वय पंचवीस, हे पत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहितो. कोणी लिहायला लावलेलं नाही. अंगठा खाली आहे. शाई मिळाली नाही म्हणून छपराचं डांबर लावलंय, ते पुसत नाही, उलट बरंच आहे.

मी जाऊन तीन वर्षं होतील. त्या काळात माझ्या नावावर जे पाट साफ झाले, जी कुंपणं झाली, शाळेची भिंत झाली, त्यांतलं मी एकही केलेलं नाही. ते माझी बहीण नेलिदा टिक्से हिनं केलं हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. शाळेच्या भिंतीवरून आठवलं, मी त्या शाळेत चारच इयत्ता गेलो, तेव्हा भिंत नव्हती, आणि वारा आला की पाटीवरचा खडू उडायचा. हे इथे लिहायची गरज नव्हती.

मी मेंढ्यांचं जे केलं ते तुमच्या कानावर आलंय. ते खरं आहे. मी गावाला मान खाली घालायला लावली. ज्या म्हाताऱ्यानं माझ्याबरोबर बसून अळ्या काढल्या त्याची मी माफी मागितली नव्हती. ती या पत्राच्या आधी मागितली, कारण मला वाटलं तिकडचं देणं ठेवून इकडचं सोडू नये.

मी परत येणार नाही. कुठे राहणार ते मला माहीत नाही, पण गावात राहणार नाही. म्हणून रजिस्टरातली माझी जागा, वरच्या कुरणाचा वाटा आणि सभेतलं मत मी नेलिदाला देतो. मी देतो असं म्हणतोय ते नियमासाठी. तिच्याकडे ते आहेच.

माझ्या नावावर रेघ मारावी. मला तिचा अर्थ माहीत आहे.

अबिलिओ टिक्से


चाकापुक्यो, ९ ऑगस्ट १९९९

अबि,

पत्र वेळेत आलं. बाबांना आधी वाचून दाखवलं, तू म्हणालास तसं. त्यांनी कागद हातात घेतला आणि अंगठ्याच्या खुणेवर बोट फिरवत राहिले. डांबर आहे, त्यामुळे हाताला लागतं. मग उठून मेंढ्यांकडे गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सभेत क्रिसांतोनं वाचलं. शाळेच्या भिंतीपाशी सगळे हसले. पुढे कोणी हसलं नाही. वाचून झाल्यावर एकानं विचारलं, "बाईमाणूस एकटीनं वरच्या कुरणावर कसं करणार?" तेव्हा दुसरा एकजण, घागऱ्यावरून बोलला होता तोच, म्हणाला, "मग तीन वर्षं तिथे कोण होतं, तुझी सासू?" हात वर झाले. मोजायची वेळ आली नाही. बाबांनी हात वर केला नाही. विरोधात विचारलं तेव्हाही केला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

पट्टी नव्हती. क्रिसांतोनं सिगारेटच्या पाकिटाची कड लावून तुझ्या नावावर रेघ मारली. मी उभी होते, बघत होते. बघायचं मी ठरवलं होतं. तुझ्या नावाची शेवटची दोन अक्षरं रेघेच्या बाहेर राहिली, तर त्यानं पाकीट सरकवून तीही झाकली. मग खाली माझं नाव लिहिलं. अबि, मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला, पण तो घरी आल्यावर, भांडी घासताना. तिथे मी नुसती शाई वाळायची वाट बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर वर आले. तळ्याभोवती फिरले, पश्चिमेच्या बाजूला वाकून काठी खुपसली, आणि म्हणाले, "इथे खचतंय. पावसाआधी दगड घाल. तळं तुझं आहे, माझ्यावर ठेवू नकोस." तेवढंच बोलले. तुझ्या खोलीचं छप्पर मात्र त्यांनी पुरं केलं. गळत नाही.

सभेनंतर क्रिसांतोनं मला दुसरं एक रजिस्टर दाखवलं. पातळसं आहे, पाहुण्यांचं. ज्याचं गावात नाव नाही असं माणूस तीन रात्रींपेक्षा जास्त राहिलं, तर ज्याच्या घरी उतरलं त्यानं त्यात लिहून द्यायचं असतं. मी म्हटलं, भाऊ असला तरी? तो म्हणाला, रेघ मारलेला असला तर हो. चार रकाने आहेत. नाव, कुठून आला, घरच्याचा कोण लागतो, किती दिवस.

पहिला आणि तिसरा मी भरीन. उरलेले दोन तू यायच्या आधी कळव.

नेलिदा टिक्से